न दिसणारे काम

लग्नमुंजीच्या मांडवात एखाद्या वडीलधाऱ्या आप्ताने 'हल्ली तुम्ही काय करता?' असा प्रश्न टाकला म्हणजे आमची मोठी पंचाईत होते. वकील, डॉक्टर, शिक्षक यांस या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात आटोपता येते. आम्हांस मात्र उत्तरादाखल एक लहानसे व्याख्यानच द्यावे लागते. 'लहान व मध्यम धंदेवाल्यांच्या कचेऱ्यांतील संगणक नीट चालू राहतील अशी व्यवस्था आम्ही पाहतो,' असे आम्ही सांगू लागतो. त्यावर ते गृहस्थ क्षणभर विचार करतात, 'म्हणजे दुरुस्तीचं दुकान म्हणा की!' असा निकाल देतात आणि जिलबीकडे वळतात. आमचे व्याख्यान अर्धवट राहते ते राहतेच. ते आज पुरे करावे असा विचार आहे. त्यात वारंवार येणारा 'आम्ही' हा शब्द संपादकी थाटाचा नसून खरोखरीचा अनेकवचनी आहे, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. पुण्यात 2009 साली आम्ही दोघा मित्रांनी मिळून हा धंदा काढला. आज आमच्याकडे आणखी सात जण कामाला आहेत, आणि चाळीसएक गिऱ्हाइकांची यंत्रे आमच्या देखरेखीखाली आहेत. या अनेकवचनाने आम्हांस पुढे कसा दगा दिला त्याची हकीकत ओघाने येईलच.

आमची गिऱ्हाइके कोण, हे सांगितल्यावाचून आमच्या कामाची कल्पना यावयाची नाही. 1 एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या सरकारी व्याख्येप्रमाणे ज्याची यंत्रसामग्रीतील गुंतवणूक 25 कोटी रुपयांपर्यंत व सालाची उलाढाल 100 कोटींपर्यंत आहे तो 'लघु' उद्योग होय. हे आकडे ऐकून आमची बहुतेक गिऱ्हाइके हसतात. कारण ती त्याहून खालच्या, म्हणजे 'सूक्ष्म' या वर्गात सुखाने सामावतात. लक्ष्मी रोडवरील एक कापडाचे दुकान, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील सातआठ लेथचे कारखाने, करसल्लागारांच्या तीन कचेऱ्या, दोन प्रसूतिगृहे आणि चकली-चिवड्याचा एक घरगुती म्हणून सुरू झालेला व्याप, असा आमचा गोतावळा आहे. ज्यास आम्ही गंभीरपणे 'सर्व्हर' म्हणतो ते यंत्र यांच्यापैकी एकाकडे जिन्याखाली चपलांच्या शेजारी असते, तर दुसऱ्याकडे देवाच्या फळीखाली उदबत्तीची राख झेलीत बसलेले असते. कारखान्यातील संगणकावर कटिंग ऑइलचा पातळ थर कायमचा चढलेला असतो आणि त्याचा पंखा साफ करणाऱ्याच्या शर्टाची कायमची आशा सोडावी लागते. खंडेनवमीस या सर्व यंत्रांस हळदकुंकू व झेंडूची फुले वाहिली जातात. त्यानंतरचे दोन दिवस कळफलकांतून पाकळ्या काढण्यात जातात, तरी आम्ही त्या पूजेस हसत नाही. पूर्वी लक्ष्मीपूजनास रोजमेळ व खतावणी चौरंगावर मांडीत. आज तो सारा जमाखर्च ज्या पेटीत बसला आहे तीस कुंकू लावणारा मनुष्य आमच्यापेक्षा तिचे मोल अधिक जाणतो.

पहिली पाच वर्षे आमचा व्यवहार अगदी सरळ होता. यंत्र बिघडले की फोन येई. आमच्यापैकी कोणी तरी दुचाकीवर टांग मारून जाई आणि फेरीमागे 300 रुपये घेऊन परत येई. मेअखेरीस वळवाचे पाऊस सुरू झाले म्हणजे आमची सुगी असे. विजेचा लपंडाव सुरू होई, बॅटऱ्या माना टाकीत, एखादी वीज जवळपास कोसळली तर तारांवाटे येऊन ओळीने चारपाच यंत्रांस झोपवून जाई. अशाच एका संध्याकाळी कचेरीच्या खिडकीत उभे असताना ढगांचा गडगडाट ऐकू आला, आणि आम्हा दोघांच्याही तोंडून एकदमच 'चला, आता बरे दिवस आले' असे उद्गार निघाले! मग दोघेही एकमेकांकडे पाहून ओशाळलो. गावात साथ यावी म्हणून देवास नवस बोलणारा एखादा वैद्य आणि आम्ही यांत फरक तो काय राहिला? बरे, अशा व्यवहारात आणखीही एक गोम असते. जे यंत्र वर्षभर बिघडणार नाही असे दुरुस्त करावे त्यापासून एकदाच पैसे मिळतात. जे तीन महिन्यांनी पुन्हा बंद पडेल असे दुरुस्त करावे त्यापासून चारदा मिळतात. तसे आम्ही कधी केले नाही, हे छातीवर हात ठेवून सांगतो; परंतु तसे करणाऱ्यास पकडील असा कोणी नव्हता, हेही तितकेच खरे.

या पेचातून 2014 साली वाट निघाली. त्या वर्षी 8 एप्रिलला विंडोज एक्सपी या अत्यंत लोकप्रिय प्रणालीचा पाठिंबा तिच्या निर्मात्यांनी थांबविला. आमच्या गिऱ्हाइकांची निम्म्याहून अधिक यंत्रे तिच्यावर चालत असल्यामुळे ती बदलण्यासाठी आम्हांस दारोदार हिंडावे लागले, आणि त्या फेरीतच आम्ही वार्षिक देखभालीचा प्रस्ताव मांडला. यंत्रामागे सालीना ठराविक रक्कम द्यावी. मग बिघाड एकदा होवो की दहादा, निराळा आकार नाही. कागदावर हे एकच कलम होते, पण त्याने आमच्या मनाची दिशाच फिरविली. आता प्रत्येक बिघाडाचा भुर्दंड आमच्या माथी बसू लागला आणि ज्या दिवशी फोन वाजत नाही तो दिवस आमच्या लाभाचा ठरला. ढगांचा गडगडाट ऐकला की आताशा आमच्या छातीत धस्स होते. गिऱ्हाइकाचे हित आणि आमचे हित एका बाजूस आले, हे या व्यवस्थेचे मोठे पुण्य होय.

परंतु प्रत्येक पुण्याबरोबर एखादी अडचणही येते. वर्ष संपून कराराच्या नूतनीकरणासाठी आम्ही लक्ष्मी रोडवरील कापडवाल्यांकडे गेलो, तेव्हा त्यांनी गल्ल्यावर बसल्या बसल्या हिशेब मांडला. 'वर्षभरात तुम्ही चारदा आलात. दिलेल्या पैशाला चाराने भागा; फेरी केवढ्याला पडली बघा! शिवाय काही बिघडलंच नाही.' काही बिघडले नाही याचसाठी पैसे घेतले, हे त्यांस पटवून देणे आम्हांस त्या दिवशी साधले नाही. त्यांचा भागाकार चुकला नव्हता. आमचे काम भाजकात धरलेच गेले नव्हते, इतकेच. प्रणालीच्या दुरुस्त्या चढविणे, डिस्क कुरकुरू लागण्यापूर्वीच ती बदलणे, सोडून गेलेल्या कारकुनाचा पासवर्ड त्याच दिवशी रद्द करणे, हिशेबाच्या प्रती नियमितपणे अन्यत्र जात आहेत की नाहीत ते पाहणे, ही सारी कामे कचेरी मिटल्यावर, दुरून व बिनबोभाट चालतात. ती चांगली झाली की त्यांची खूण उरत नाही.

याचे एक उदाहरण आमच्या स्मरणात ठाम बसले आहे. 12 मे 2017 रोजी, शुक्रवारी, 'वॉनाक्राय' नावाच्या एका उपद्रवी प्रोग्रॅमने दीडशेच्या आसपास देशांत धुमाकूळ घातला. यंत्रातील फायली कुलूपबंद करावयाच्या आणि किल्लीसाठी खंडणी मागावयाची, ही त्याची रीत. इंग्लंडातील सरकारी रुग्णालयांस ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरत होता ती बुजविणारी दुरुस्ती मात्र त्यापूर्वी सुमारे दोन महिने, 14 मार्चलाच, प्रसिद्ध झालेली होती. आम्ही ती एप्रिलमध्ये रात्री जागून आमच्या बहुतेक यंत्रांवर चढविली होती; उरलीसुरली शनिवारी व रविवारी उन्हातान्हात हिंडून उरकली. सोमवारी वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने त्या बातमीने भरले, आणि आमच्याकडे एकही फोन आला नाही. आमच्या धंद्यातील तो सर्वांत यशस्वी सोमवार असेल. पण त्याची वार्ता आम्हांवाचून कोणासही नव्हती.

दिसत नाही असे आणखीही पुष्कळ आम्ही करतो, किंबहुना पाहतो. यंत्र दुरुस्त करावयाचे म्हणजे ते उघडावे लागते, आणि उघडले म्हणजे कुटुंबाचे सारे अंतरंग समोर येते. पगाराचे तक्ते, बँकेस लिहिलेले मुदतवाढीचे अर्ज, मुलीच्या लग्नासाठी केलेली माहितीपत्रके, भागीदारी मोडण्याविषयी भावाने भावास लिहिलेला आणि अद्याप न पाठविलेला मसुदा, हे सर्व आमच्या डोळ्यांखालून जाते. पाहून न पाहणे हा आमच्या धंद्याचा पहिला धडा, आणि नव्या मुलास आम्ही यंत्रापूर्वी तोच शिकवितो. चाळीस घरच्या किल्ल्या ज्या यादीत आहेत ती आमच्याजवळ असते. शिवाय यंत्रात काय बिघडले हे गिऱ्हाइकास कळावयास मार्गच नसतो. 'डिस्क गेली' असे आम्ही म्हटले म्हणजे त्याच्या दृष्टीने ती गेली. शिंप्याने कपडा बिघडविला तर अंगात घालताच समजते; आमच्या बाबतीत गिऱ्हाईक आमच्या शब्दावर जगते. त्या शब्दाची परीक्षा आमच्यावर 2020 साली आली.

जे काम कोणास दिसत नाही त्यातील हयगयही कोणास दिसत नाही, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हिशेबाची प्रत रोज रात्री आपोआप निघून दूरच्या साठ्यात जाईल, अशी योजना आम्ही करून दिली होती. प्रत निघाली की आमच्याकडे पत्र येई व त्यावर एक हिरवी खूण असे. रोज सकाळी चाळीस पत्रे, चाळीस हिरव्या खुणा! पहिले काही महिने आम्ही प्रत्येक पत्र उघडून वाचीत असू. मग नुसत्या खुणा मोजू लागलो. पुढे ती पत्रे एका निराळ्या कप्प्यात परस्पर जातील अशी सोय केली आणि तांबडी खूण आली तरच पाहावयाचे असे ठरविले. हिरवी खूण म्हणजे प्रत निघाली. परंतु ती कशाची निघाली आणि वेळ पडल्यास तिच्यातून हिशेब परत उभा करता येईल की नाही, हे ती खूण सांगत नाही. ते पाहावयाचे तर अधूनमधून एखादी प्रत खरोखर उघडून पाहावी लागते. आमच्या कामांच्या यादीत तेही कलम होते. त्याच्यापुढे 'कोणी करावयाचे' या रकान्यात 'आम्ही' असे लिहिलेले होते.

अशात टाळेबंदी आली. 22 मार्च 2020 चा रविवार जनता संचारबंदीत गेला. 24 तारखेच्या रात्री घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सारा देश घरात बसला. त्या आठवड्यात आमचा फोन जितका वाजला तितका पूर्वी कधीच वाजला नव्हता. प्रत्येक धंद्याचा हिशेब 'टॅली'त, टॅली कचेरीतील यंत्रात, आणि हिशेबनीस घरी! त्यांस घरबसल्या कचेरीतील यंत्र वापरता यावे म्हणून आम्ही रात्रंदिवस खपून दारे उघडून दिली. काहींना बंदोबस्ताचा बोगदा करून दिला. जेथे तेवढी सवड नव्हती तेथे दार सरळ रस्त्यावर उघडले. अशा सहा दारांची टीप आम्ही केली आणि तिच्यावर लिहिले, 'परिस्थिती निवळताच बंद करणे.' इंटरनेटवर असे उघडे दार शोधीत आणि हाती येईल तो पासवर्ड लावून पाहत अहोरात्र हिंडणारे प्रोग्रॅम असतात, हे आम्हांस माहीत नव्हते असे नाही. जून उजाडला, कारखाने हळूहळू सुरू झाले, लोक कचेरीत येऊ लागले, आणि ती टीप तशीच राहिली.

ऑगस्टात गणपतीच्या आदल्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, भोसरीतील एका कारखान्याच्या हिशेबनीस बाईंचा फोन आला. 'टॅली उघडत नाही, आणि सगळ्या फायलींची नावं विचित्र झाली आहेत,' असे त्या म्हणाल्या. पुढे काय वाढून ठेवले आहे ते आम्ही त्याच क्षणी ओळखले. जाऊन पाहतो तो रविवारच्या रात्री कोणी अज्ञात इसम त्या उघड्या दाराने आत शिरला होता. कारखान्याच्या नावापुढे तीन आकडे जोडून केलेला पासवर्ड त्याने ओळखला होता आणि सर्व फायली कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागणारी चिठ्ठी पडद्यावर ठेवली होती. यंत्रास नेहमी जोडलेली दुसरी डिस्क होती, तीही त्याच्या तावडीत सापडली. आमचा सारा भरवसा दूरच्या प्रतीवर होता. तिचे पत्र त्या पहाटेही हिरवी खूण घेऊन आले होते. प्रत उघडली. आतला शेवटचा व्यवहार डिसेंबर 2019 चा होता.

कारण शोधावयास पाच मिनिटेही लागली नाहीत. डिसेंबरात आम्ही त्या यंत्रात नवी, वेगवान डिस्क बसविली होती व हिशेब तिच्यावर हलविला होता. जुन्या जागेवरील हिशेब 'असू द्या सावधगिरी म्हणून' तसाच ठेवला. प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमला नवी जागा सांगावयाची राहिली. तो बिचारा आठ महिने, एकही रात्र न चुकवता, त्या मेलेल्या हिशेबाची प्रत काढीत होता आणि आम्हांस यश कळवीत होता. वर्षअखेरीची एक प्रत सनदी लेखापालांकडे जावयाची, तीही टाळेबंदीमुळे गेली नव्हती.

मालक साठीच्या पुढचे गृहस्थ. स्वतः लेथवर काम करून वर आलेले. ते पंधरा मिनिटे आमच्या मागे उभे राहून पाहत होते. मग त्यांनी इतकेच विचारले, 'हे टळण्यासारखं होतं का?'

खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आमच्या जिभेवर एक तयार उत्तर होते. हे हल्लेखोर फार निष्णात असतात. मोठमोठ्या संस्था यातून सुटलेल्या नाहीत. अमुक देशातील रुग्णालये बंद पडली. यातील एकही शब्द खोटा नव्हता, आणि तो पडताळून पाहण्याचे कसलेही साधन त्यांच्याजवळ नव्हते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. खिडकीतील त्या गडगडाटानंतर असे पाहण्याची ही दुसरी वेळ होती. मग आम्ही त्यांस सर्व सांगितले. दार आम्ही उघडले होते, ते बंद करावयाचे आम्ही विसरलो, आणि प्रत निघते की नाही हे पाहत होतो, पण कशाची निघते हे आठ महिन्यांत एकदाही पाहिले नव्हते. ते काही बोलले नाहीत. बाहेर जाऊन शॉपमध्ये एक फेरी मारून आले. मग म्हणाले, 'खंडणी द्यायची नाही. बाईंकडे सगळे कागद आहेत. कामाला लागा.'

त्यानंतरचे सतरा दिवस आम्ही व आमच्याकडील दोन मुले त्या कारखान्यात बसून होतो. तोंडावर मुखपट्ट्या, सर्व खिडक्या उघड्या, बाहेर पाऊस आणि पलीकडे लेथची घरघर. कागदाची किंमत आम्हांस तेव्हा कळली. माल पाठविताना बिलाच्या तीन प्रती काढाव्या लागतात व तिसरी पुरवठा करणाऱ्याकडे राहते. बाईंनी ती प्रत्येक प्रत क्रमवार फायलीत लावून ठेवली होती. खरेदीची बिले फायलीत होती, आणि पुरवठादारांनी आपापल्या विवरणांत भरलेली माहिती वस्तू व सेवा कराच्या सरकारी संकेतस्थळावर मिळत होती. तिच्याशी ताळा पाहता येई. बँकेचे उतारे आले. पगाराचे पुस्तक बाई हाताने लिहीत. 'सगळंच मशिनीत कशाला?' हा त्यांचा जुना हट्ट आम्ही एकदा हसण्यावारी नेला होता. त्या वाचून दाखवीत व आमची मुले नोंदी करीत. 'अरे, घाई करू नकोस. तारीख बघ आधी,' असे त्या त्यांस दरडावीत. सतराव्या दिवशी बँकेची शिल्लक जुळली. मालकांनी त्या आठ महिन्यांत मांडलेले नव्या कामांच्या दरांचे हिशेब मात्र कोणत्याच कागदावर नव्हते. ते परत आले नाहीत.

त्या वर्षाची रक्कम आम्ही घेतली नाही, आणि पुढील वर्षी करार होईल अशी आशाही ठेवली नव्हती. तरी मार्चात त्यांनी बोलाविले. टेबलावर एक लाकडी पेटी उघडून ठेवलेली होती व तिच्यात मायक्रोमीटर होता. त्यावरील चिकटपट्टीवर तपासणीची तारीख व पुढील तपासणीची तारीख होती. 'हे आम्ही रोज वापरतो,' ते म्हणाले, 'आणि रोज ते आकडा दाखवतंच. पण आकडा दाखवतं म्हणजे बरोबर दाखवतं असं नाही. म्हणून ठरल्या मुदतीत ते बाहेर पाठवून तपासून आणावं लागतं, नाही तर आमचा माल कोणी घेत नाही. तुमच्या हिरव्या खुणेची तपासणी कोण करतं?' आम्ही निरुत्तर झालो. त्यांनी पुढे अट घातली. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्यापैकी कोणी यावे; बिलाचा नंबर ते सांगतील; ते बिल चालू यंत्रातून नव्हे तर दूरच्या प्रतीतून काढून त्यांच्यासमोर ठेवावे. 'चला, आत्ताच बघू. गेल्या महिन्यातलं बत्तीस नंबरचं बिल काढा.' ते काढावयास आम्हांस चाळीस मिनिटे लागली. त्यांनी फायलीतील प्रतीशी रक्कम ताडून पाहिली आणि मगच करारावर सही केली.

अकरा वर्षे या धंद्यात घालवून, अनेक पुस्तके वाचून, परीक्षा देऊन जे आमच्या अंगी बाणले नाही ते एका लेथवाल्याने अशा रीतीने शिकविले. ती पद्धत आम्ही पुढे सर्वांकडे सुरू केली. भोसरीस दर महिन्याला व इतरत्र तीन महिन्यांतून एकदा गिऱ्हाइकाने कोणतीही एक वस्तू मागावी आणि ती आम्ही प्रतीतून काढून दाखवावी. बऱ्याच जणांस हा प्रकार कंटाळवाणा वाटतो. कापडवाले तर म्हणतात, 'अहो, विश्वास आहे तुमच्यावर, कशाला उगीच?' आम्ही त्यांस विनवितो की, विश्वास बाजूस ठेवा आणि नंबर सांगा. 2023 साली एका कचेरीत मागितलेले पत्र निघाले नाही. साठा भरल्यामुळे नऊ दिवस प्रत थांबलेली होती. नऊ दिवस आणि आठ महिने यांतील अंतर हीच त्या पद्धतीची कमाई. आमच्या यादीतील 'कोणी करावयाचे' हा रकानाही बदलला. आता तेथे 'आम्ही' हा शब्द येत नाही; प्रत्येक कलमापुढे एका माणसाचे नाव असते आणि कलमाखाली तारीख. त्या वेळी आम्हा दोघांपैकी प्रत्येकास वाटत होते की, दुसरा पाहत असेल. अनेकवचन श्रेय वाटून घेण्यास फार सोयीचे असते. काम त्यात हरवते.

मालकांचे प्रश्न अद्याप चालूच आहेत. विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. तिची सहा यंत्रे बदलावी असे आम्ही सुचविले तेव्हा त्यांनी 'चालताहेत की!' असे न म्हणता प्रत्येक यंत्राचे कारण विचारले. दोन यंत्रे लेथच्या कामापुरती, इंटरनेटपासून तोडून, ठेवावयाची असे ठरले. त्यात आमची विक्री दोन यंत्रांनी कमी झाली, पण निर्णय योग्य होता.

मांडवातील ते आप्त पुन्हा भेटले तर त्यांस काय सांगावे हे आम्ही अद्याप ठरविलेले नाही. 'दुरुस्तीचं दुकान' हे नाव काही अगदीच वाईट नव्हे. मागील आठवड्यात नेमाप्रमाणे भोसरीस गेलो होतो. मालकांनी थोडा विचार करून 118 हा नंबर सांगितला. बिल तीन मिनिटांत निघाले. त्यांनी चष्मा लावून फाईल उघडली, रकमेवर बोट ठेवून दोन्ही आकडे जुळवून पाहिले, फाईल मिटली आणि चहा सांगितला.